जाग आली, पण अंग हलेना?

शेवटची लोकल पकडून घरी यायचं आणि पहाटे पुन्हा पाणी भरायला उठायचं, अशा तुटक झोपेत हा अनुभव कधीकधी गाठतो. डोळे उघडतात, पंख्याचा आवाज ऐकू येतो, पण हात-पाय हलत नाहीत. छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. गावाकडची माणसं याला भुताची बाधा म्हणतात, आणि त्या भीतीनेच माणूस अर्धा खचतो.

खरं तर स्वप्नांच्या झोपेत मेंदू स्नायू सैल करून ठेवतो, म्हणजे स्वप्नात धावलो तरी पलंगावर लाथा झाडत नाही. कधी मन आधी जागं होतं आणि शरीर मागे राहतं. स्वप्नाचे तुकडे मग खोलीतच दिसतात. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत हे आपोआप सुटतं.

त्या वेळी उठायची धडपड करू नका. श्वासाकडे लक्ष द्या आणि फक्त पायाचं एक बोट हलवून बघा. उताणं झोपल्यावर हे जास्त होतं, म्हणून कुशीवर झोपा. शिफ्ट बदलती असली तरी झोपेचे तास कापू नका. वारंवार होत असेल किंवा दिवसाही झोप अनावर होत असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा. आणि घरात कुणी हे सांगितलं, तर हसू नका हो, ती भीती फार खरी असते.