छोटा, स्वस्त लॅपटॉप घेताय? या चुका टाळा

गेल्या महिन्यात भाची कागलहून तिचा ११.६ इंची लॅपटॉप घेऊन आली. "मामा, अपडेटच होईना ओ. सारखं जागा नाही म्हणतंय." बघितलं तर सी ड्राइव्हची पट्टी लालभडक, ५७ जीबीत जेमतेम ३ जीबी मोकळी. पोरीने एक पिक्चरसुद्धा ठेवला नव्हता. ६४ जीबीची ईएमएमसी (स्वस्त लॅपटॉपमधली फाइल साठवायची चिप), त्यातली बरीचशी विंडोज आणि त्याच्या अपडेटनीच खाल्लेली.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे "आत्ता घेऊ, रॅम नंतर वाढवू." या आकाराच्या बहुतेक स्वस्त मशीनमध्ये रॅम आणि ईएमएमसी मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात उभ्या उभ्या तपासता येतं. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरी उघडा. 'फॉर्म फॅक्टर'पुढे 'रो ऑफ चिप्स' दिसलं, तर ती रॅम बदलता येणार नाही. 'सोडिम' दिसलं तर बदलता येते. दुकानदाराला राग येईल म्हणून लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज. किमान म्हणजे मशीन चालू होतं, एवढंच. ऑनलाइन लेक्चर आणि क्रोमचे आठ-दहा टॅब एकदम उघडले की ४ जीबी दमते. कॉलेजच्या पोरांसाठी ८ जीबी आणि २५६ जीबी एसएसडीच्या (ईएमएमसीपेक्षा वेगवान स्टोरेज) खाली जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत. प्रोसेसरही बघा: सेलेरॉन एन४०२० हा २०१९ चा, दोन कोरचा, एन१०० हा २०२३ चा, चार कोरचा. मेमरी कार्ड घातलं म्हणजे स्टोरेज वाढलं, असं धरू नका. ते फोटो-गाण्यांपुरतं ठीक.

आता किंमत. २००५ मध्ये गरीब देशांतल्या मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा झाली होती. २००७ मध्ये तो तयार झाला तेव्हा दोनशेच्या घरात गेला. आपल्याकडे २०२३ मध्ये जिओचा लॅपटॉप जिओबुक १६,४९९ रुपयांना आलं, पण त्यात विंडोज नव्हतं. बी. कॉम.च्या पोरांना टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) लागते आणि तिला विंडोज लागतं, म्हणून हे आधी विचारा. विंडोज 'एस मोड'मध्ये (फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच ॲप्स चालतात असा मोड) असेल तरी टॅली चढत नाही. तो सेटिंगमधून फुकट काढता येतो, मात्र परत लावता येत नाही. सांगितलेल्या भावात १८ टक्के जीएसटी धरलाय का, हेही विचारा. बिलाशिवाय हजार-पाचशे वाचतात आणि वॉरंटीला गेलं की अडतं.

बजेट कमीच असेल तर ऑफिसातून निघालेला जुना लॅपटॉप बरा. फक्त इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच घ्या. आय५-६३००यू म्हणजे सहावी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी. आठवीच्या आधीच्या बहुतेक मशीनला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

भाचीच्या मशीनवर सेटिंगमधल्या स्टोरेजमधून जुन्या अपडेटच्या टेम्पररी फाइल काढल्या, वनड्राइव्हवर 'फ्री अप स्पेस' (फाइल ऑनलाइनच ठेवून लॅपटॉपवरची जागा मोकळी करणं) केलं आणि ३२ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लावला. विंडोजला अपडेटपुरती जागा तिथून घेता येते. दुपारी लावलेलं अपडेट दिवेलागणीला पूर्ण झालं.