जुनी कट्यार घेताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या कट्यारीची वाट दुसऱ्या कुणी नाही, मीच लावली. खंडेनवमी दोन दिवसांवर आली होती. पूजेत काळपट वस्तू कशी ठेवायची, म्हणून आधी लिंबू, मग भांडी घासायची पावडर, आणि शेवटी बफिंगचं चाक. तासाभरात कट्यार आरशासारखी झाली. मुठीवर कोफ्तगिरीचं, म्हणजे लोखंडावर ठोकून बसवलेलं सोनं होतं हे कळलं ते नंतर, घेतानाचा फोटो मोठा करून पाहिला तेव्हा. जिला मी काजळी समजत होतो, त्याच थराखाली ते तग धरून होतं.

म्हणून पहिली चूक हीच: घरी आणल्या आणल्या साफ करणं. जुन्या लोखंडावरचा गर्द तपकिरी, काळसर, बोटाला न लागणारा थर हा रोग नव्हे. तो शेकडो वर्षांत चढलेला असतो आणि खालच्या धातूला काही प्रमाणात सांभाळतो. खरा शत्रू नारिंगी, भुकटीसारखा सुटणारा गंज. तो दिसला तर तेवढ्याच जागी यंत्राच्या पातळ तेलाचा थेंब टाका, दिवसभर मुरू द्या आणि बांबूच्या काडीने हलकेच खरवडा. पुन्हा तेल, पुन्हा काडी. चार दिवस लागले तर लागू द्या. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश आणि चिंच मात्र स्वयंपाकघरात किंवा गॅरेजमध्येच बरी.

दुसरी चूक याच्या बरोबर उलटी, म्हणजे काळं दिसतं ते जुनं मानणं. नवी कट्यार आम्लात बुडवून, मिठाच्या पाण्यात ठेवून किंवा मातीत पुरून काही आठवड्यांत ‘म्हातारी’ करता येते. पण असा गंज सगळीकडे सारखा चढतो, आणि झीज तशी नसते. कट्यार धरायच्या दोन आडव्या दांड्या असतात आणि मनगटाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या दोन उभ्या पट्ट्या. आडव्या दांड्यांवर, जिथे तळहात आणि बोटं टेकतात, तिथे कडा गोल झालेल्या हव्यात आणि नक्षी पुसट. पट्ट्या जिथे पात्याला मिळतात त्या कोपऱ्यांत बोट पोचत नाही, तिथे घट्ट बसलेला जुना मळ हवा. कोपरे स्वच्छ, दांड्यांच्या कडा करकरीत आणि पात्यावर मात्र तीनशे वर्षांचा गंज, असा प्रकार दिसला तर पैसे खिशातच ठेवा.

आपल्याकडे याला एक अपवाद आहे. घराण्यातली शस्त्रं दरवर्षी पूजेला घासली जातात. त्यामुळे नक्षी दोन्ही अंगांनी सारखीच झिजलेली आणि सांदीत हळदकुंकू बसलेलं असू शकतं. अशी वस्तू ‘जास्त चकचकीत’ म्हणून नाकारू नका. तिची झीजही खरीच आहे, फक्त ती लढाईची नाही, देवघराची.

सोन्याला भुलणं हेही नेहमीचं. कोफ्तगिरीत लोखंडावर अगदी जवळजवळ रेघा कोरतात आणि त्या खरखरीत पृष्ठावर सोन्याची तार ठोकून बसवतात. हे काम उदयपूर-जयपूरकडे आजही होतं, त्यामुळे सोनं दिसलं म्हणजे वस्तू जुनी असं नाही. भिंग घ्या आणि सोनं जिथे झिजलंय तिथे पाहा. खाली जाळीसारख्या बारीक रेघा दिसल्या तर काम निदान हाताचं आहे. गुळगुळीत लोखंड दिसलं तर तो मुलामा किंवा रंग.

पोलादाच्या पाण्याबाबतही तसंच. उत्तम हिंदुस्थानी पोलादातली जौहराची, म्हणजे पाण्यासारख्या नक्षीची लहर धातूच्या आरपार असते. पॉलिशने ती दिसेनाशी होते, पण जाणकाराने आम्लाचा हलका हात दिला की परत येते. नकली लहर नुसती वर कोरलेली असते, घासली की कायमची जाते. अर्थात ही परीक्षा विकत घेण्याआधी दुकानदाराच्या मालावर करू नका.

आता ‘मूळ’ या शब्दाबद्दल, कारण नवे संग्राहक सर्वांत जास्त इथेच फसतात, आणि दोन्ही बाजूंनी. पातं मुठीला रिव्हेटने जोडलेलं दिसलं की ‘दुरुस्त केलेलं’ म्हणून चांगली कट्यार सोडून देतात. दक्षिणेत १६व्या-१७व्या शतकात युरोपातून आलेल्या तलवारींची पाती आखूड करून कट्यारींना बसवत. तंजावरच्या शस्त्रागारातल्या, हाताची पाठ झाकणारी ढाल असलेल्या कट्यारींत अशी फिरंगी पाती सर्रास आढळतात. तंजावरचं मराठी राज्य १८५५ मध्ये खालसा झालं, पुढे शस्त्रागार मोडीत निघालं, आणि त्यातल्या बऱ्याच वस्तू आज चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात आहेत. जमलं तर एकदा जाऊन नुसत्या त्या रिव्हेटांकडे बघून या. डोकी भोवतीच्या धातूइतकीच झिजलेली असतील तर जोड जुना. वेल्डिंगचा मणी, किंवा तो घासल्याची ताजी पांढरी जागा दिसली तर जोड आपल्या काळातला.

पात्याचं टोकही चिमटीत धरून पाहा. पुष्कळ कट्यारींचं टोक मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी. पुन्हापुन्हा धार लावलेल्या पात्यात ही जाडी हरवते, आणि ती परत आणता येत नाही. मूठ दाबली की कात्रीसारखी तीन पाती उघडणारी कट्यार दिसली तर किंमत विचारण्याआधी शंका घ्या. अशा पुष्कळशा वस्तू १९व्या शतकात किंवा त्यानंतर हौसेसाठी घडवलेल्या आहेत.

मग येते कहाणी. ‘अमुक सरदाराच्या वाड्यातली’ या तीन शब्दांचे पैसे देऊ नका. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४ मध्ये साताऱ्यात आली, ती आठवा. त्यांच्या पेटीवरचा मजकूर सांगतो की याच वाघनखांनी शिवाजी महाराजांनी ‘मोगल’ सेनापतीला मारलं आणि ती साताऱ्याचे रेसिडेंट ग्रँट डफ यांना भेट मिळाली. अफझलखान होता आदिलशाहीचा! ती वाघनखं तीच आहेत याची खात्री देता येत नाही, असं खुद्द संग्रहालयच म्हणतं. एवढ्या मोठ्या वस्तूची ही गत, तर बाजारातल्या चिठ्ठीचं काय घेऊन बसलात?

कायद्याचं थोडक्यात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणूनसुद्धा नाही. हस्तिदंती मूठ असेल तर भारतात तिची खरेदी-विक्रीच बेकायदा आहे. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या शस्त्रांना काही भागांत परवाना लागतो, तेव्हा आपल्या भागातला नियम आधी विचारा.

आणि म्यान. पावसाळ्यात कट्यार म्यानात ठेवू नका. चामडं आणि मखमल ओल धरतात, आणि आश्विनात पातं आत अडकलेलं सापडतं. तसं झालंच तर ठोकू नका, पिळू नका. म्यानाच्या तोंडाशी तेलाचे दोन थेंब सोडा, टोक खाली करून दोन दिवस ठेवा आणि मग सरळ रेषेत ओढा. संग्रहात खंजीरही असेल आणि त्याची मूठ हलायला लागली तर एपॉक्सी भरू नका. आत जुनी लाख असते, ती ऊब देऊन पुन्हा बसवता येते. एपॉक्सी मात्र काढताना मूठ फोडावी लागते. हे काम जुन्या शिकलगाराकडे, म्हणजे शस्त्रांना धार-जिल्हई करणाऱ्या कारागिराकडे न्या, आणि तो करत असताना शेजारी बसा.