शरद ऋतूत डोंगरखोऱ्यांत जाताना या चुका टाळा

दसरा-दिवाळीच्या सुटीत नागपूरहून कुलू-मनाली, काश्मीर किंवा स्पितीकडे अनेक कुटुंबे निघतात. त्या दिवसांत आपल्याकडे ऑक्टोबर हीट सुरू असते, दुपारी पारा ३२-३३ अंशांवर असतो आणि रात्रीही पंखा लागतो. अशा हवेत सामान भरताना डोंगरातील थंडीचा अंदाज चुकतो. याचे मुख्य कारण असे की, आपण महिना आणि ठिकाणाची उंची पाहतो, पण खोऱ्याचा आकार पाहत नाही.

दुपारच्या तापमानावरून कपडे ठरवणे

मोसमी पाऊस परतल्यावर हिमालयातील आकाश निरभ्र आणि हवा कोरडी होते. त्यामुळे दिवसा ऊन चटका देते, तर रात्री जमिनीची उष्णता अडथळ्याविना निघून जाते. ऑक्टोबरमध्ये मनालीत दुपारी २० अंशांच्या आसपास असलेला पारा पहाटे एक आकडी होतो, आणि स्पितीतील काझासारख्या उंच ठिकाणी तो शून्याखाली जातो. त्यातही अरुंद खोऱ्यात पंचांगातला सूर्यास्त उपयोगाचा नसतो, कारण सूर्य कड्याआड गेला की आकाशात उजेड असतानाच सावली पसरते आणि तापमान झपाट्याने उतरू लागते. म्हणून जाकीट आणि कानटोपी गाडीच्या टपावर बांधलेल्या बॅगेत न ठेवता हाताशी ठेवावी. चढून घामेजल्यावर आतला सुती बनियन ओला राहिला, तर वरून कितीही जाड स्वेटर घातला तरी हुडहुडी थांबत नाही. अशा वेळी आधी आतला कपडा बदलावा.

नदीकाठ उबदार असेल असे मानणे

सर्वांत जास्त लोक फसतात ते येथे. दर हजार मीटर उंचीला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी घटते, हे शाळेत शिकलेले असते आणि सर्वसाधारणपणे ते खरेही आहे. मात्र निरभ्र, वारा नसलेल्या रात्री खोऱ्यात याच्या उलट घडते. उतारावरील जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवा गार व जड होऊन उताराने खाली सरकते आणि घागरीत पाणी भरावे तशी तळाशी साचत जाते. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. परिणामी नदीकाठचा तंबू हा त्या परिसरातील सर्वांत गार जागी लावलेला तंबू ठरू शकतो, आणि सकाळी त्याच्यावर दहिवर गोठलेले दिसते. मुक्काम नदीपासून थोडा वर, उतारावर आणि शक्यतो पूर्वेकडे उघड्या बाजूस घ्यावा, म्हणजे सकाळचे ऊनही लवकर मिळते. याच साचलेल्या हवेचे सौम्य रूप आपल्या जवळही आहे: सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याहून हिवाळ्यातल्या सकाळी पाहावे, खालच्या दऱ्यांत धुके बसलेले दिसते.

मोबाइलवरचा एकच आकडा प्रमाण धरणे

अॅपमधील तापमान बहुधा गावापुरते किंवा त्या भागाच्या सरासरी उंचीपुरते असते. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आणि रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर आहे. एवढ्या फरकाने दिवसाही दहा-बारा अंशांचे अंतर पडते, शिवाय खिंडीतला वारा वेगळाच. हवामान विभागाचे जिल्हानिहाय इशारे निघण्यापूर्वी आणि रोज सकाळी पाहावेत. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची हवामान प्रणाली, आली की शरदातही बर्फ पडतो. सप्टेंबर २०१८ मध्ये लाहौल-स्पितीत अवेळी हिमवृष्टीने शेकडो लोक अडकले होते, आणि नोव्हेंबर २०१९ च्या पहिल्या आठवड्यात काश्मीरमध्ये सफरचंदाच्या बागांचे मोठे नुकसान झाले होते. २०२० मध्ये सुरू झालेल्या अटल बोगद्यामुळे रोहतांग टाळता येते, पण मनालीहून स्पितीला जाताना वाटेतली कुंझुम खिंड टळत नाही. परतीच्या आरक्षणाआधी एक मोकळा दिवस ठेवणे शहाणपणाचे आहे.

स्वतःची गाडी तशीच नेणे

रेडिएटरमध्ये साधे पाणी असेल, तर ते रात्री गोठून रेडिएटर किंवा इंजिन फुटू शकते. योग्य प्रमाणात कूलंट नागपुरातच भरून घ्यावे. थंडीत टायरमधील हवेचा दाबही उतरतो, तो तेथे पुन्हा तपासावा. सकाळी लवकर निघण्याची आपली सवय येथे धोक्याची आहे. झऱ्याचे पाणी वाहून आलेल्या वळणांवर आणि पुलांवर डोळ्यांना न दिसणारा बर्फाचा पापुद्रा असतो, त्यामुळे रस्त्यावर ऊन पडल्याशिवाय उंच भागात गाडी काढू नये.

बंद खोलीत सिगडी

ही चूक जिवावर बेतते. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. झोपेतच माणूस बेशुद्ध होतो. झोपण्यापूर्वी सिगडी खोलीबाहेर काढावी आणि पांघरुणे वाढवावीत.

सकाळी डोके दुखू लागले तर कारण नीट शोधावे. सिगडी पेटवलेल्या खोलीतील सर्वांनाच मळमळ व डोकेदुखी असेल, तर सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत येऊन रुग्णालय गाठावे, बरे वाटू लागले तरीही. सिगडी नसेल आणि मुक्काम २,५०० मीटरच्या वर असेल, तर विरळ हवेचा त्रास समजून त्या दिवशी आणखी वर चढू नये. चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ किंवा बसल्या जागी धाप ही लक्षणे दिसताच दिवस उजाडण्याची वाट न पाहता रुग्णाला खाली न्यावे.