क्लिओपात्रात की दिसत होती, तरी फाइल उघडेना

नव्या लॅपटॉपवर क्लिओपात्रा (फाइली कुलूपबंद करायचं आणि उघडायचं सॉफ्टवेअर) टाकलं, जुन्यावरून आणलेली 'की' (त्यासाठी लागणारी डिजिटल किल्ली) इम्पोर्ट केली. यादीत माझं नाव आलं, पण कुलूपबंद फाइल उघडायला (डिक्रिप्ट करायला) गेलो की एकच उत्तर: 'नो सीक्रेट की', म्हणजे गुप्त की नाही. आधी पासफ्रेजवर (गुप्त कीच्या पासवर्डवर) संशय घेतला, पण पासफ्रेज तर विचारलाच जात नव्हता! खूण तिथेच होती, मला उशिरा कळली.

शेवटी जुन्यावरून आणलेली कीची .एएससी फाइल नोटपॅडमध्ये उघडली. पहिल्याच ओळीत 'बिगिन पीजीपी पब्लिक की ब्लॉक'. म्हणजे मी नुसतं कुलूप (सार्वजनिक की) आणलं होतं, ते उघडणारी किल्ली (गुप्त की) जुन्या मशीनवरच राहिली होती. साधं 'एक्सपोर्ट' फक्त सार्वजनिक की देतं.

नशिबाने जुना लॅपटॉप चालू होता. तिथे कीवर राइट क्लिक करून 'बॅकअप सीक्रेट कीज' निवडलं, पासफ्रेज दिला. या फाइलच्या पहिल्या ओळीत 'प्रायव्हेट' पाहिलं, तेव्हा हायसं वाटलं. ती पेनड्राइव्हवरून नेली. ईमेलने अजिबात पाठवू नका. इम्पोर्ट करताना 'ही की तुमचीच का?' असं विचारलं, 'हो' म्हटलं. फाइल लगेच उघडली.

जुना लॅपटॉप फॉरमॅट केला असता तर त्या फाइली कायमच्या गेल्या असत्या. बॅकअपचा पेनड्राइव्ह आता कपाटात वेगळा ठेवलाय.