सेट किती जड मारायचा? परवाच्या दिवसाकडे बघून ठरवा

आठवड्याला सहा दिवस जिम आणि प्रत्येक सेट (न थांबता सलग जितक्या वेळा वजन उचलतो तो एक सेट) फेल्युअरपर्यंत, म्हणजे आणखी एकदाही उचलता येणार नाही तोवर, असा प्लॅन मोबाइलवर बघून सुरू करणाऱ्यांना एकच विचारायचंय, घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकून रात्री नऊला घरी पोचल्यावर पण हे करणार आहात का? कारण ठाण्यात असे दिवस येणारच, पावसाळ्यात तर जास्तच. म्हणून आजचा सेट किती जड मारायचा हे परवा तोच सेट परत मारता येईल का यावरून ठरवायचं.

आधी दिवस पक्के करा. नोकरीवाल्याला सोम-बुध-शुक्र भरपूर झालं, मध्ये एक दिवस गेला की स्नायू सावरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या गाइडलाइनमध्येही मोठ्या माणसांनी आठवड्यात किमान 2 दिवस सगळ्या मुख्य स्नायूंचा ताकदीचा व्यायाम करावा असंच आहे. प्रत्येक वेळी पूर्ण अंग घ्या, म्हणजे एक पायांचा, एक ढकलायचा, एक ओढायचा. चेस्ट डे, लेग डे असं वाटून ठेवलं आणि नेमकी लेग डेला लोकल रखडली की पाय थेट पुढच्या आठवड्यात, आणि असं दोनदा झालं की पाय सुटलेच म्हणून समजा.

आता जोर किती लावायचा. सुरुवातीला प्रत्येक सेटमध्ये दोन रेप शिल्लक ठेवून थांबा, रेप म्हणजे वजन एकदा उचलून खाली आणणं. शिल्लक किती ते बारच, म्हणजे वजन लावलेला दांडाच सांगतो. सुरुवातीचे रेप एका लयीत वर जातात, मग एक रेप असा येतो की बार अर्ध्यावर रेंगाळतो आणि नकळत श्वास रोखून दात आवळले जातात, तिथून पुढे बहुतेक एक-दोनच उरलेले असतात. स्क्वॉटला (खांद्यावर बार घेऊन बैठक) गुडघे आत वळायला लागले किंवा कंबर आधी वर आणि छाती मागून येतेय असं झालं तर सेट संपला, मागून ट्रेनर 'और दो, और दो' करत असला तरी बार रॅकवर ठेवायचा. नवीन माणसाचा अंदाज चुकतो हे खरं, दोन उरलेत वाटतं तेव्हा पाच उरलेले असतात, म्हणून अधूनमधून केबल किंवा लेग एक्स्टेन्शनच्या मशीनवर शेवटचा सेट पूर्ण अडकेपर्यंत मारून बघा, अंदाज बसतो. बेंचवर (आडवं पडून छातीवरून बार ढकलताना) एकटे असताना हे अजिबात नको.

पण नुसतं नेमाने जाऊनही भागत नाही, वर्षभर तेच डंबेल त्याच रेपला उचलत राहिलात तर शरीराला बदलायचं काही कारणच मिळत नाही. त्यासाठी सोपी पद्धत, तीन सेट, 8 ते 12 रेप. तिन्ही सेटला 12 आले की पुढच्या वेळी दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट लावा, रेप परत 8-9 वर येतील, येऊ दे. आणि हे लिहून ठेवा, वहीत किंवा फोनमध्ये, 'स्क्वॉट 50 किलो, 10-10-8, शेवटचा जड' एवढं पुरे. तीन-चार वेळा तोच आकडा अडकला आणि झोपही नीट होत नसेल तर एक आठवडा सेट निम्मे करा, वजनही थोडं उतरवा.

उशीर झाला म्हणून जिम बुडवू नका, सेट कमी करा. स्क्वॉट, बेंच, रोइंग (वजन पोटाकडे ओढणं), प्रत्येकी एक-दोन सेट, वॉर्मअप धरून अर्ध्या तासात बाहेर. वजन मात्र नेहमीचंच ठेवा, कारण कमावलेली ताकद टिकवायला बरंच कमी काम पुरतं, फक्त ते काम हलकं असून चालत नाही.

गणपतीला गावी गेलात, दहा-बारा दिवस काहीच झालं नाही, तरी घाबरायचं कारण नाही, तेवढ्यात ताकद फारशी उतरत नाही. परत आल्यावर बुडालेलं एका दिवसात भरून काढायला जाऊ नका. पहिल्या दिवशी साधारण 10 टक्के कमी वजन, दोनच सेट. अंग धरेल, दुसऱ्या दिवशी जास्तच धरेल, ते चालतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुटतं. पण सांध्यात टोचल्यासारखं दुखत असेल किंवा कंबरेतून पायात कळ जात असेल तर तो व्यायाम तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.