ट्रॅक्टरला जादा फोकस जोडताना या चुका टाळा

सोयाबीन निघालं की हरभऱ्यासाठी रान तयार करायची घाई असते. तेव्हा ट्रॅक्टर रात्री अकरा-बारापर्यंत चालतो. पुढचे हेडलाइट रस्त्यापुरते ठीक आहेत, पण मागं रोटाव्हेटर कसा बसलाय, तास कुठं सुटलंय, हे त्यांच्या उजेडात दिसत नाही. म्हणून मडगार्डवर किंवा हूडच्या पाइपावर फोकस लावले जातात. चार दिवस उजेड झकास पडतो, मग मंद होतो, लुकलुकतो, फ्यूज उडवतो. अशा वेळी बहुतेक जण दिवा बदलतात, जास्त वॅटचा आणतात. खरं तर दोष दिव्यात क्वचितच असतो. दिव्यापर्यंत करंट नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या वाटेत तो असतो, आणि जास्त वॅटचा दिवा टाकला की तो वाढतो.

हेडलाइटच्या वायरीला टॅप मारणं

ही सगळ्यात सर्रास दिसणारी चूक. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टवर ते ९ अँपिअरच्या वर करंट ओढतात. हेडलाइटचा खटका आणि त्याची वायर कंपनीनं हेडलाइटच्या हिशेबानं दिलेली असते. त्यावर आणखी ९ अँपिअर लादले की खटक्याच्या आतली पट्टी तापते, प्लास्टिक मऊ होतं, आणि एक दिवस फोकससकट हेडलाइटही जातात, तेही शेतातून घरी परतायच्या वेळी.

फोकसला बॅटरीपासून स्वतंत्र लाइन ओढा आणि मध्ये रिले, म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा खटका, टाका. ३० नंबरच्या पिनला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ ला दिव्याकडे जाणारी, ८५ ला अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट), आणि ८६ ला डॅशबोर्डवरच्या छोट्या खटक्यातून आलेली वायर. खटक्याला करंट किल्लीच्या स्विचमधून द्या, म्हणजे किल्ली काढली की फोकस आपोआप बंद होतील. रिलेची कॉइल अँपिअरच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी करंट घेते, त्यामुळे खटक्यावर भार असा येतच नाही. रिले बसवताना पिना खाली ठेवा, पाणी साचत नाही.

दुकानात बऱ्याचदा पाच पिनांचा रिले हातात येतो. मधली पिन ८७ए असते, आणि दोन दिवे आहेत म्हणून दुसरा तिथं जोडला जातो. ही पिन रिले बंद असताना चालू असते. एक फोकस खटका दाबला की विझतो आणि सोडला की पेटतो, असं दिसलं तर हेच झालंय. दोन्ही दिवे ८७ वरच घ्या, ८७ए मोकळी ठेवून तिच्यावर टोपण घाला.

बारीक वायर आणि अर्थचा भरवसा

बॅटरीपासून मागच्या मडगार्डपर्यंत चार मीटर वायर धरा. करंटला परतही यावं लागतं, म्हणजे वाट आठ मीटरची झाली. १ चौरस मिलिमीटरची वायर असेल तर ९ अँपिअरला साधारण १.४ व्होल्ट वायरीतच जिरतात. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ व्होल्ट असले तरी दिव्याला १२.१ मिळतात. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगानं घटतो. एवढ्या घटीत जवळपास ३० टक्के उजेड जातो. त्याच जागी २.५ चौरस मिलिमीटरची वायर असेल तर घट ०.६ व्होल्टच्या आसपास राहते. वायरीत वाचवलेले पैसे असे दर रात्री अंधारात जातात.

वायर बारीक तारांची, लवचीक, गाडीच्या कामाचीच घ्या. घरच्या वायरिंगमधली एकेरी जाड तार ट्रॅक्टरच्या थरथरीत आतून तुटते आणि वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. असा दोष शोधण्यात अख्खी रात्र जाते. घरातला भिंतीवरचा खटकाही इथं लावू नका. तो एसीसाठी केलेला असतो. डीसी करंट तोडताना ठिणगी लांबते आणि आतले पॉइंट जळतात.

परतीच्या वाटेकडे तर कुणी पाहतच नाही. दिव्याच्या बोल्टनं मडगार्डला धरलं म्हणजे अर्थ झाला, असं समजतात. मडगार्डवर रंग असतो, बोल्टाखाली गंज असतो, कधी मध्ये रबराचा वॉशर असतो. दिव्यापासून वेगळी काळी वायर काढून बॅटरीच्या निगेटिव्हला, निदान चेसीच्या रंग खरवडलेल्या, घट्ट बोल्टला थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) दाबून जोडा. मंद उजेडाच्या निम्म्या तक्रारी एवढ्यानं मिटतात, असं माझं ठाम मत आहे.

फ्यूज नाही, किंवा चुकीच्या जागी

बाकी सगळं एक वेळ चालवून घ्या, पण हे नाही. फ्यूज दिव्याजवळ किंवा डॅशबोर्डजवळ लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतच्या वायरीला रक्षण उरत नाही. ती वायर बोनेटच्या कडेला घासून बॉडीला टेकली, तर सेल्फला शेकड्यांनी अँपिअर देणारी बॅटरी तेवढाच करंट त्या वायरीत ओतते. वायर लाल होते, शेजारी डिझेलचा पाइप असतो, अवतीभवती वाळलेला भुसा किंवा पाचट. म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आतच हवा. ५५ वॅटच्या दोन दिव्यांना आणि २.५ च्या वायरीला १५ अँपिअरचा फ्यूज बरोबर बसतो. तो वायरीच्या रक्षणासाठी आहे. उडाला म्हणून ३० चा टाकणं किंवा तांब्याची तार गुंडाळणं म्हणजे ते रक्षण काढून घेणं.

काम सुरू करताना बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा आणि शेवटी लावा. उलट केलं तर पॉझिटिव्ह खोलताना पाना बॉडीला लागून शॉर्ट होतो. इंजिन चालू ठेवून टर्मिनल तर कधीच काढू नका, अल्टरनेटरचे डायोड जातात.

वायर नेण्याची वाट

सायलेन्सर, क्लच पेडल, हायड्रॉलिकचे लिव्हर यांपासून वायर लांब ठेवा. पत्र्याच्या भोकातून जाते तिथं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) हवाच. वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला जोड उन्हाळ्यात सुटतो, कारण उन्हानं आणि इंजिनच्या उष्णतेनं पट्टीचा गोंद पातळ होतो. क्रिंप जोड (पक्कडीनं दाबून बसवायची धातूची नळी) दाबा आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

अल्टरनेटरचा हिशेब

आपल्याकडच्या अनेक ट्रॅक्टरांवर १२ व्होल्ट, ३६ अँपिअरचा अल्टरनेटर असतो, आणि ते ३६ अँपिअर पूर्ण वेगाला मिळतात, मंद चालीवर नाही. चार हॅलोजन १८ अँपिअर खातात. त्यात हेडलाइट आणि गाण्याचा डेक मिळवला की बॅटरी भरायला फार काही उरत नाही, आणि सकाळी सेल्फ मारताना ते कळतं. चार दिवे हवेच असतील तर एलईडी घ्या. फक्त खोक्यावरच्या वॅटवर जाऊ नका. मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून एक दिवा त्यातून पेटवून पाहा. खरा ४८ वॅटचा दिवा १२ व्होल्टला ४ अँपिअर घेईल, दीड अँपिअर घेतला तर तो १८ वॅटचाच आहे.

बिघाड शोधताना

उजेड मंद असेल तर दिवा चालू ठेवूनच मोजा. बंद दिव्यावर खराब वायरही पूर्ण १२ व्होल्ट दाखवते आणि फसवते. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी दिव्याच्या पॉझिटिव्हला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर दोष त्या बाजूच्या वायरीत, फ्यूजच्या पकडीत किंवा रिलेत आहे. मग तसंच निगेटिव्ह ते निगेटिव्ह मोजा. तिथं जास्त आलं तर अर्थ कच्चा आहे.

रिले टकटक वाजत असेल तर कॉइलला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. ८५ चा अर्थ आधी तपासा. फ्यूज फक्त खड्ड्यात आदळल्यावर उडत असेल तर वायर कुठंतरी घासून सोललीय, बहुधा मडगार्डच्या कडेला. हॅलोजन वारंवार जात असतील तर इंजिन वेगात ठेवून बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.४ व्होल्ट ठीक, १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय. बल्बची काच उघड्या बोटांनी धरली तरी तो लवकर जातो, बोटांचं तेल काचेवर राहून ती जागा जास्त तापते.

रस्त्यावर येताना

मागचा पांढरा फोकस रस्त्यावर चालू राहिला तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला पुढचं काहीच दिसत नाही, उसाची ट्रॉलीसुद्धा नाही. पुढच्या बाजूलाही नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय स्पॉटलाइट बसवायला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १११ मनाई करतो. म्हणून फोकस शेतापुरतेच वापरा, त्यांचा खटका हेडलाइटपासून वेगळा ठेवा आणि त्यावर लाल पायलट दिवा घ्या. बांध ओलांडून रस्त्याला लागताना तो पेटलेला दिसला की खटका बंद करा.