पप्पांचं बीपी कमी करायचंय? आधी घरातलं मिठाचं पाकीट बघा

पप्पांना बीपी निघालं की बऱ्याच घरात पहिलं काय होतं, तर त्यांची अळणी भाजी वेगळी काढतात आणि बाकीचे त्यांच्याच समोर बसून पापड-लोणचं खातात. कसाबसा आठवडा निघतो, मग ते हळूच सगळ्यांच्या भाजीतली घेतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही हो. एका पातेल्यातलं खाणाऱ्या घराच्या सवयी पण एकच असतात, म्हणून बदल करायचा तर सगळ्यांच्या जेवणात करा, एकाच्या ताटात नको.

सुरुवात मिठापासून. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे साधारण एक छोटा चमचा. चार मोठी माणसं असतील तर महिन्याला ६०० ग्रॅम झालं. आता किलोचं पाकीट फोडाल तेव्हा त्यावर पेनाने तारीख टाका, ५० दिवसांच्या आत संपलं तर मीठ जास्त जातंय हे नक्की. खरं तर फरसाण, पापड, स्टेशनबाहेरचा वडापाव यातलं मीठ पण त्या ५ ग्रॅममध्येच धरायचं असतं, त्यामुळे पाकीट अजून जास्त दिवस चाललं पाहिजे. ताटात डावीकडे मीठ वाढायची पद्धत असेल तर ती आधी थांबवा, आमटीत दर आठवड्याला चिमूटभर कमी करा आणि आमसूल किंवा लिंबू थोडं वाढवा, जीभ हळूहळू सरावते, भांडणं होत नाहीत. कमी सोडियमवालं मीठ आणायचं असेल आणि कोणाला किडनीचा त्रास किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच आणा.

चहाचं पण तेच, सगळ्यांचा एकत्र उकळतो म्हणून साखर पण सगळ्यांनाच. उकळताना साखर घालूच नका, ज्याला हवी त्याने कपात मोजून घ्यावी.

आणि प्लीज, हे सगळं आईवर ढकलू नका. जो किराणा आणतो, जो येताना दादर स्टेशनबाहेरून फरसाण घेऊन येतो, त्याने पण ठरवायला हवं, नाहीतर ती एकटी कमी मिठाचं करणार आणि टोमणे पण तिनेच ऐकायचे.

चालायचं म्हणाल तर मुंबईत लोकलमधून घरी यायलाच नऊ वाजतात, सकाळी पाचला उठून चाला हे सांगणं सोपं आहे. आठवड्याला १५० मिनिटं पुरतात, म्हणजे रोज साधारण २० मिनिटं, जेवणानंतर सोसायटीच्या कंपाउंडमध्ये दोघं-तिघं मिळून जा, जरा भरभर चाला. एकाने कंटाळा केला तर दुसऱ्याने चपला काढून द्यायच्या.

तंबाखूचं मात्र सगळ्यात सिरियसली घ्या. आजी मशेरी लावते, तिचं बघून सून, मग नात. इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या ३,७२२ जोडप्यांचा अभ्यास २०१५ मध्ये आला होता, त्यात नवऱ्यानेही सिगरेट सोडली तेव्हा निम्म्या बायकांची सुटली, आणि तो ओढतच राहिला तिथे फक्त ८ टक्के बायकांची. म्हणून घरात दोघं घेत असतील तर दोघांनी एकच तारीख ठरवा, आदल्या रात्री मशेरीची डबी, पुड्या, लायटर सगळं घराबाहेर काढा, आणि १८००-११२-३५६ ही सरकारी टोल फ्री क्विटलाइन आहे, तिथे दोघांनी फोन करा.